‘गुरुवारी पहाटे १.४०’ की ‘बुधवारी मध्यरात्री’?

कानामात्रा: इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातमीत अपघाताची वेळ आहे गुरुवार, १.४० ए.एम. अनुवादात ‘गुरुवारी पहाटे १.४० वाजता’ असं लिहिलं होतं, मुद्रितशोधनात त्याचं ‘बुधवारी मध्यरात्री’ झालं. कोणतं बरोबर?

नोंदवही: पहाट म्हणजे उजाडण्याआधीचा वेळ, साधारण चार ते सहा. पावणेदोनच्या सुमाराला पहाट म्हणणं चूकच. पण ‘बुधवारी मध्यरात्री’ त्याहून घातक. मध्यरात्र म्हणजे बारा. त्या बाराला बुधवार लागतो की संपतो, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. बोलण्यात आपण उजाडेपर्यंत आदलाच वार धरतो, पंचांगातला वारही सूर्योदयाला बदलतो. पोलिसांच्या नोंदीत आणि रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र तारीख रात्री बाराला बदलते. वाचक दोन्ही पद्धतींनी विचार करतो, म्हणून दोन्ही वार द्यावेत: ‘बुधवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे गुरुवारी (ता. १२) १.४० वाजता’. लांब होतं, होऊ द्या. मुदतीच्या बातमीत तर ‘३१ तारखेला रात्री बारापर्यंत’ कधीच नको, ‘रात्री ११.५९ पर्यंत’ लिहा. ‘३१ मार्चपूर्वी’ आणि ‘३१ मार्चपर्यंत’ यांत एका दिवसाचा फरक आहे, आणि तेवढ्यावर कुणाचा अर्ज हुकू शकतो.

ठळकमथळा: ‘काल’ आणि ‘आज’ छापील अंकात चालतात, कारण अंकावर तारीख असते. तोच मजकूर संकेतस्थळावर आठवड्याने उघडला की ‘काल’ खोटा ठरतो. तिथे वार आणि तारीख दोन्ही हवेत. ‘परवा’ कुठेच नको. मागचा की पुढचा हे क्रियापदावरून कळतं, आणि मथळ्यात बहुधा क्रियापदच नसतं.

शुद्धलेखणी: त्याआधी ‘दि. १५ रोजी’ थांबवा. दिनांकात दिवस आहे, रोजातही दिवसच आहे. ‘सन १९६० साली’ हाही तसाच प्रकार, सन अरबी आणि साल फारसी, दोन्हींचा अर्थ वर्ष. ‘१५ ऑगस्टला’, ‘१९६० मध्ये’ एवढं पुरे. परकं ‘रोजी’ काढलं तरी काही बिघडत नाही.

ठळकमथळा: ‘दि.’ काढा, ‘रोजी’ राहू द्या. शतकानुशतकं रुळलेला शब्द परका कसा? आणि तुमच्या ‘ला’ने वाक्य कसं होतं बघा: ‘मंत्र्यांनी समितीला १५ जूनला अहवाल द्यायला सांगितलं.’ तीन ‘ला’, आणि १५ जून सांगण्याचा की देण्याचा, पत्ता नाही.

शुद्धलेखणी: तिथे ‘रोजी’ घातलं तरी ती संदिग्धता तशीच राहते. ‘१५ जूनपर्यंत अहवाल द्या, असं मंत्र्यांनी समितीला सांगितलं’ अशी वाक्यरचनाच बदलावी लागते. दोष प्रत्ययाचा नाही.

खडूफळा: वेळेतल्या टिंबाबद्दल कुणीच बोललं नाही. १.४० मधलं टिंब दशांशाचं नाही, पण दिसतं तसंच. त्यामुळे सव्वा-दीड-पावणे अंकांत उतरवताना चुका होतात. सव्वादोन वाजता म्हणजे २.१५, सव्वादोन कोटी म्हणजे २.२५ कोटी. दीड वाजता १.३०, दीड लाख १.५० लाख. पावणेदोनला १.४५, पावणेदोन लाख म्हणजे १.७५ लाख. भाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवताना ‘सव्वा’ सरसकट .१५ होतो आणि दहा लाख रुपये गायब होतात. शिवाय ‘साडेएक’, ‘साडेदोन’ मराठीत नाहीत. दीड आणि अडीचनंतर थेट साडेतीन.

अनुवादात मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज किंवा शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. बातमीत मी ‘अब्ज’ टाळायला सांगेन. २.५ अब्जपेक्षा २५० कोटी वाचकाला लगेच कळतं.

नोंदवही: ‘अब्ज’ टाळण्याशी असहमत. शब्द वापरातून गेला की कळेनासा होतो. ‘पाऊणशे’चं (म्हणजे ७५) तेच झालं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढा वाद झाला! आणि एकोणसत्तर म्हणजे ६९ की ७९, हा गोंधळ आजही ऐकू येतो. म्हणून नियम हवा तर असा: नऊपर्यंत अक्षरी, १० पासून अंकी, वय, टक्के, रक्कम, धावा नेहमी अंकी. माणसं चारपर्यंत दोघे, तिघी, चौघे. ‘२ जण’ नको.

ठळकमथळा: अंदाज मात्र कायम अक्षरी. ‘पाच-पन्नास लोक जमले’ हे ‘५-५० लोक’ केलं की तो अंदाज राहत नाही, ५ ते ५० असा पल्ला होतो. ‘सुमारे ४,३१२’ हेही तसंच चूक; नेमका आकडा असेल तर ‘सुमारे’ काढा. ‘९०चं दशक’ लिहिताना शतक घाला, ‘१९९०चं दशक’. आणि त्याला ‘विसाव्या शतकाचं नववं दशक’ म्हणू नका, नववं १९८१ ते १९९०.

शुद्धलेखणी: दशकं सोडा, हिंदीतून येणाऱ्या तिथ्या बघा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. जन्माष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. हिंदी मजकुरातला ‘भाद्रपद’ जसाच्या तसा उतरवला तर मराठी वाचक एक महिना पुढची तिथी धरेल.

कानामात्रा: मग सणाच्या बातमीत तिथी द्यायचीच कशाला? इंग्रजी तारीख पुरेशी नाही का?

नोंदवही: नाही. जयंत्या तिथीनुसार आणि तारखेनुसार अशा दोन्ही होतात, शिवजयंतीचं उदाहरण समोर आहे. कोणती, हे पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे.