वारकरी घरात ‘मी गे आहे’ हे कसं सांगावं?

माळकरी२७: पुण्यात नोकरी, घर सोलापूर जिल्ह्यात. वडील कीर्तनकार, सगळं घर माळकरी. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघायची, असं ठरलंय. त्याआधी सांगायचंय. आधी आईला की दोघांना एकत्र? ‘उपचारा’ला नेलं तर काय करायचं? शेतीतला वाटा जाऊ शकतो का? धीर भरपूर मिळालाय, व्यवहाराचा सल्ला हवा.

सावलीतला: बायोडाटा मध्यस्थांच्या हातात पडायच्या आत सांगा. नंतर नकार तुमचा राहत नाही, वडिलांच्या शब्दाचा प्रश्न होतो. सप्ताह, वारी, दिवाळी टाळा. घरात पाहुणे असले की सगळे आवाज दाबून बोलतात आणि नंतर स्फोट होतो. पितृपंधरवडा सोयीचा, कारण स्थळांची बोलणी तेव्हा कुणी काढत नाही.

आधी बहीण किंवा मावशी, जिच्या पोटात गोष्ट राहते. मग आई, आणि दोन दिवसांत वडील. आईने महिनोन्‌महिने लपवलं तर पुढे “तुला माहीत होतं!” हा सगळा राग तिच्यावर निघतो.

‘समलैंगिक’ म्हणून आईला बोध होणार नाही. “मला मुलींबद्दल ओढ वाटत नाही, मुलांबद्दल वाटते, वयात आल्यापासून तसंच आहे” एवढं बोला आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न बहुधा “म्हणजे तू साडी नेसणार का?” असा येतो. चिडू नका, तिच्या डोळ्यासमोर तृतीयपंथी आहेत. “नाही, मी आहे तसाच राहणार” हे उत्तर तयार ठेवा. “लग्न झालं की होईल सुरळीत” यावर मात्र तिथल्या तिथे ठाम नाही म्हणा. त्यात एका मुलीचं आयुष्य जातं.

टाळकरी: कीर्तनकाराशी अभंगांवर वाद घालू नका, तुम्ही एक काढाल, ते दहा काढतील. घराला खरी धास्ती असते ती फडावर (वारकरी मंडळींत) आणि भावकीत काय तोंड दाखवायचं याची. म्हणून लोकांना सांगायला त्यांना एक वाक्य तयार करून द्या: “तो सध्या लग्न करत नाही, आम्ही त्याच्यावर सोडलंय.” सगळ्या गावाला खरं कळायलाच हवं असं कुठे आहे? जातपंचायतीने किंवा भावकीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड.

कायद्याचं_बोला: सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. लग्नाला मात्र मान्यता नाही (१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल), त्यामुळे ‘कायद्याने मुलाशी लग्न करता येतं’ असं घरी सांगू नका.

डॉक्टरकडे न्यायचा हट्ट झाला तर डॉक्टर तुम्ही निवडा आणि आईवडिलांनाही सोबत न्या. हा आजार नाही, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो. ‘बदलून देतो’ म्हणणारा भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार गैरवर्तन ठरवलेत. देवऋषाने ‘बाधा उतरवतो’ म्हणून बांधलं, मारलं तर जादूटोणाविरोधी कायद्याखाली ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे. कोंडून ठेवलं तर पोलिसांना ११२ वर फोन करा. आईने जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर ती धमकी समजून सोडू नका; जवळचं माणूस तिच्यापाशी ठेवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

सातबारा: वडिलोपार्जित शेतीतला वाटा जन्मानेच येतो. ‘मुलाशी संबंध नाही’ अशी पेपरात नोटीस दिल्याने तो जात नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं मात्र ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. धोका वेगळाच आहे: रडारडीत हक्कसोडपत्रावर सही होते. त्या महिन्यात कशावरच सही करू नका.

सांगायला जाण्याआधी गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट पुण्यात आणा. बँकेचा ओटीपी वडिलांच्या नंबरवर जात असेल तर बदलून घ्या. ३ महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आणि परतीची गाडी त्याच दिवशी असल्याचं एका मित्राला माहीत हवं.

माळकरी२७: बायोडाटा मामांकडे आधीच गेलाय.

सावलीतला: मग आज मामांना फोन करा. “नोकरीत बदल होतोय, दोन महिने कुणाला देऊ नका” एवढंच. ‘लग्नच करायचं नाही’ म्हणालात तर संध्याकाळपर्यंत आईचा फोन येईल.