राखेचा बुधवार: कपाळाला राख, की शापांना आमेन?

थेम्सकाठचा:
मंडळी सलाम. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, शिकलो पुण्यात, गेली अकरा वर्षं इंग्लंडात. दरवर्षी लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ) सुरू होताना, म्हणजे राखेच्या बुधवारी, इथल्या चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतो, तसाच ट्रेनमध्ये, तसाच ऑफिसात, एकदा सेल्फीपण टाकलाय, कबूल. आणि त्या दिवशीचं शुभवर्तमान कुठलं तर मत्तय ६, उपास करता तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका!! हे ऐकून लगेच आपण कपाळ पुढे करतो.

यंदा एका खेड्यातल्या चर्चला गेलो, तिथे अजून चर्च ऑफ इंग्लंडचं १६६२ चं प्रार्थनेचं पुस्तक चालतं. त्यात राख नाहीच, इंग्लंडात ती १५४८ लाच बंद केलेली, परत अधिकृत यायला १९८६ उजाडलं. तिथे राखेऐवजी कमिनेशन, म्हणजे पाळक दहा शाप वाचणार, बरेचसे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायातले, आणि प्रत्येक शापाला आपण आमेन म्हणायचं, मग गुडघ्यावर ५१ वं स्तोत्र. माणसं नऊ, हीटर बंद. मूर्ती करणारा शापित, आमेन. आईबापाला शिव्याशाप देणारा, आमेन. तिसरा आला, शेजाऱ्याची मेर सरकवणारा शापित, आणि माझं आमेन घशातच अडकलं. गावाकडे चुलत्यांच्या आणि आमच्या रानात सामाईक बांध आहे, दर नांगरटीला तो हातभर कोरला जातो, कोण कोरतं मला माहितीये, ट्रॅक्टरचे पैसे मीच पाठवतो.

माझं मत, राख बंद करा, कमिनेशन परत आणा.

पाचहौदची पोर:
दादा, पटलं नाही. आमच्याकडे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) वाटलेले झावळ्यांचे क्रूस वाळवून जाळायचं काम मामाकडे असायचं, राख वस्त्रगाळ करून तेलात कालवायची, पाण्यात कालवली की कपाळ चरचरतं, एका वर्षी मामाने तेच केलं आणि अख्खी मंडळी खाजवत बसली 😄 पण सांगायचं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी रांगेत आई माझ्या पुढे होती. फादर तिला म्हणाले, "तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील." पुढच्या वाक्याला मला म्हणाले. ईस्टरच्या आत आई गेली. तुमच्या दहा शापांत हे कुठे बसतं सांगा.

नगरी खाक्या:
आमचे आजोबा अमेरिकन मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट, राख म्हणजे रोमन कॅथलिक लोकांचं काम म्हणायचे. १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, बऱ्याच मिशनांची चर्चं एक झाली, कपाळं काही एक झाली नाहीत. राख नको हे मान्यच, पण शाप कशाला? प्रत्येक जण आमेन म्हणताना मनात शेजारीच आणणार.

थेम्सकाठचा:
काका, मला पण आधी चुलतेच आठवले की. मग ट्रॅक्टर आठवला.
@पाचहौद, ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही.

शिकागोची थंडी:
इथे २०१० मध्ये काही एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतले अँग्लिकन) चर्चवाले राख घेऊन थेट लोकलच्या स्टेशनावर उभे राहिले, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, भक्तीचं पार्सल म्हणून. मी नर्स आहे, नाइट करून सकाळी सातला सुटते, फलाटावर अर्ध्या मिनिटात कोणीतरी माझं मरण आठवून देतं आणि मी गाडीत बसते. तुमचं कमिनेशन मला कोणत्या वेळेला मिळणार? पुसायचं म्हणाल तर घरी जाऊन आंघोळ करतेच, मत्तय ६ आपोआप पाळला जातो.

नगरी खाक्या:
पार्सलच आहे ते. पश्चात्ताप अर्ध्या मिनिटात होत नाही.

शिकागोची थंडी:
आणि नऊ माणसांत हीटर बंद करून होतो होय?

वाट चुकलेला वारकरी:
मी ख्रिश्चन नाही, मध्येच तोंड घालतोय. आमच्यात बुक्का लावतात, तो मिरवायला लावला का मनापासून, हे कोणी विचारत नाही, लावणाऱ्यालाच माहीत. पण मला एक सांगा, बांधाचं काय केलं?

थेम्सकाठचा:
त्याच रात्री चुलत्यांना फोन केला. आधी पाच मिनिटं ते गप्पच. मग म्हणाले, मोजणी आणू, फी निम्मी निम्मी. आता तारीख कधी मिळते बघू, सरकारी मोजणी आहे, ईस्टरच्या आत होत नाही.