पाण्यातल्या शिशाचा ‘लेश’ की ‘माग’?

फोंडेकरीण: पुरवणीसाठी लेख लिहितेय, नॅनोफायबर म्हणजे अतिसूक्ष्म धागे वापरून पाण्यातलं शिसं, कॅडमियम, पारा हुडकण्यावर. ‘ट्रेस हेवी मेटल्स’ला ‘लेशमात्र जड धातू’ केलं. संपादक म्हणतात, लेशमात्र म्हणजे नगण्य, वाचक निर्धास्त होतील. आणि पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादाच लिटरला ०.०१ मिलिग्रॅम! काय लिहू?

डिचोलीचा: ‘अत्यल्प’ लिहा. ‘जड’ ठेवलंत ते बरं. ‘भारी धातू’ ही हिंदीची उचल. आपल्याकडे सिनेमा भारी असतो.

जुनी पेटी: शालूही भारी असतो हो, आणि तो हिंदीतून आलेला नाही. आर्सेनिक तर धड धातूही नाही, तरी याच यादीत. मग शब्दाला एवढं सोवळं कशाला? मात्र नॅनोफायबर नको, ‘अब्जांश तंतू’.

काचनळी: अब्जांश कशाचा? मीटरचा असेल तर आमचा धागा दोन-तीनशे अब्जांशांचा. ग्रीकमध्ये ‘नॅनो’ म्हणजे खुजा, तेव्हा वामनतंतू म्हणा!

फोंडेकरीणताई, मी हेच काम करतो. सुईतून पॉलिमरचं द्रावण, वीसेक हजार व्होल्ट, समोर ॲल्युमिनियमची फॉइल. काही तासांनी तिच्यावर सायीसारखा पांढरा पापुद्रा धरतो. चिमट्याने सोडवताना श्वास रोखायचा, नाहीतर चुरगळून चिमट्यालाच चिकटतो. तंतूंवर गंधकाचे गट बसवले की पारा त्यांना धरून बसतो. पाण्यात विखुरलेला असा एका जागी गोळा झाला की मोजता येतो. ‘ट्रेस’चा दुसरा अर्थ माग, म्हणून मला ‘माग’ आवडतो. माग काढायचा, आणि धाग्यांचाच!

जुनी पेटी: हातमागाचा माग वेगळा. हा ‘मार्ग’वरून आला.

डिचोलीचा: आमचे आजोबा दोन्ही एकच सांगायचे. धोटा जातो तोही मार्गच ना?

जुनी पेटी: आजोबा म्हणजे कोश नव्हे.

पेडणेकार: एवढं यंत्र कशाला? खाणीचं पाणी तांबडं दिसतंच की.

काचनळी: तांबडेपणा लोखंडाचा. शिसं डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मात्र पाणी गाळून खातात आणि धातू अंगात साठवतात. आमच्या पापुद्र्याचंच काम, फुकटात.

पेडणेकार: तिसऱ्या नव्हे, शिवल्या.

डिचोलीचा: शिवल्या मालवणात. इथं गोव्यात तिसऱ्याच.

फोंडेकरीण: लेख संध्याकाळी द्यायचाय. लेश की माग?

पेडणेकार: ताई, आधी तेरेखोल नदीच्या अलीकडे शिंपल्यांना काय म्हणतात ते ठरू दे.