मदत हवी आहे: महिला कॉलेज बास्केटबॉल, नोव्हेंबरचं रँकिंग भलतंच येतंय

चौथा_क्वार्टर
मॅसीची लीस्ट स्क्वेअर्स पद्धत (सामन्यांच्या गुणफरकांवरून संघांचं रेटिंग काढणारी) पायथनमध्ये लिहिली आहे. २०२३-२४ चा मोसम, ६ ते १५ नोव्हेंबरचे सगळे निकाल. आधी 'सिंग्युलर मॅट्रिक्स' (म्हणजे समीकरणांना एकच ठरावीक उत्तर नाही) म्हणून अडलं. नेहमीप्रमाणे मॅट्रिक्सच्या शेवटच्या ओळीत सगळे १ आणि समीकरणाच्या उजवीकडे ० टाकलं, तरी तेच. मग पायथनच्या सॉल्व्ह फंक्शनऐवजी एलएसटीएसक्यू (लीस्ट स्क्वेअर्सने उत्तर काढणारं) वापरलं तर उत्तर आलं, पण पहिल्या दहात निम्मे संघ कुणी नाव न ऐकलेले. पॅरिसमध्ये नोत्र दामला १००-७१ हरवणारं साउथ कॅरोलायना त्यांच्या खाली! कोड तीनदा तपासला. आज रात्री संपवायचंय, कृपया लवकर सांगा.

फुलकोर्ट
एकूण संघ किती आले? डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सर्वात वरच्या गटात, साधारण ३६० आहेत.

चौथा_क्वार्टर
४८० च्या वर. पण प्रश्न मॅट्रिक्सचा आहे, संघांचा नाही.

बझर
एनईटी, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचं अधिकृत रँकिंग, बघा ना. महिलांसाठी २०२०-२१ पासून आरपीआय या जुन्या सूत्राच्या जागी तेच आहे. त्यात सामने अवघडपणानुसार क्वाड नावाच्या गटांत मोडतात; सर्वात अवघड क्वाड १ म्हणजे घरी १ ते २५, तटस्थ मैदानावर १ ते ३५, बाहेर १ ते ४५ क्रमांकाच्या संघाशी सामना. पुरुषांचे आकडे वेगळे आहेत, ते लावू नका.

चौथा_क्वार्टर
मला क्वाड नकोत. एनईटी डिसेंबरशिवाय येत नाही, मला नोव्हेंबरचं हवंय.

फुलकोर्ट
प्रश्न संघांचाच आहे. तुमच्या यादीत डिव्हिजन २, ३ आणि एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेची कॉलेजं शिरली आहेत. सुरुवातीला बरेच संघ त्यांच्याशी घरच्या मैदानावर खेळतात. समजा एखाद्या दुबळ्या संघाचा एकच सामना झालाय आणि तो त्याने अशा कॉलेजला ११०-३० हरवून जिंकलाय. या दोघांचा बाकी कुणाशी संबंधच नाही, म्हणजे ते एक बेट झालं. एलएसटीएसक्यू प्रत्येक बेटाची सरासरी ० धरतं, म्हणून ८० गुणांचा फरक +४० आणि -४० असा वाटला जातो. +४० वाला थेट वर! बेटं जितकी, तितकी मॅट्रिक्सची रँक (स्वतंत्र समीकरणांची संख्या) कमी. तुम्ही एक ओळ बदललीत, त्याने एकच बेट सुटतं. सायपाय या पायथन लायब्ररीचं कनेक्टेड कॉम्पोनंट्स चालवा आणि बेटं मोजा.

कर्णरेषा
एवढं करण्यापेक्षा कॉली पद्धत वापरा, ती फक्त जय-पराजय बघते. मॅट्रिक्सच्या कर्णावर २ + संघाचे सामने, उजवीकडे १ + (विजय - पराभव)/२. कधीच सिंग्युलर होत नाही.

फुलकोर्ट
आणि गुणफरक फेकून द्यायचा? कोलोरॅडोने एलएसयूला ९२-७८ हरवलं ते आणि एका गुणाने जिंकलेलं सारखंच? दहा दिवसांत संघाचे जेमतेम तीन सामने होतात, त्यातली निम्मी माहिती टाकून कसं चालेल?

कर्णरेषा
कमकुवत संघाला ६० गुणांनी हरवलं यात माहिती कसली? शेवटच्या क्वार्टरला राखीव खेळाडूच खेळतात.

शून्यसदिश
मॅसी आणि कॉली दोन्हींचं मॅट्रिक्स जवळपास एकच आहे. मॅसीच्या कर्णावर २ मिळवले की कॉलीचंच मॅट्रिक्स होतं. तेच करा, उजवी बाजू गुणफरकाची ठेवा. म्हणजे प्रत्येक संघ सरासरी संघाशी दोन काल्पनिक सामने बरोबरीत खेळला. गुणफरक २५ च्या वर गेला तरी २५ च धरा. डिव्हिजन १ बाहेरचे सामने आधी काढा, एनईटीही ते मोजत नाही. काही संघांना मग एकही सामना उरणार नाही आणि त्यांची ओळ शून्य होईल. कर्णावरच्या २ मुळे तेही सुटतं.
घरच्या मैदानाच्या फायद्याचे गुण यजमानाच्या फरकातून वजा करता का?

चौथा_क्वार्टर
हो, ३. पहिलं नाव यजमान धरलंय.

शून्यसदिश
मग पॅरिसचा सामना चुकला. लास वेगसचा कोलोरॅडो-एलएसयू आणि शार्लटचा आयोवा-व्हर्जिनिया टेक (८०-७६) हेही तटस्थ मैदानावरचे. नेमके हेच मोठ्या संघांना जोडणारे सामने आहेत. एन. सी. स्टेटने यूकॉनला ९२-८१ हरवलं ते मात्र रॅली या त्यांच्याच शहरात, म्हणजे घरीच. आणि नावं नीट जुळवा. मायामी दोन आहेत, फ्लोरिडाची आणि ओहायोची. स्पेलिंग बदललं तरी नवं बेट तयार होतं.

बझर
पझेशन (संघाला चेंडू किती वेळा मिळाला ते) काढताना फ्री थ्रोचा गुणक ०.४७५ घ्या, एनबीएचा ०.४४ नको.

कर्णरेषा
त्यांनी पझेशन विचारलेलंच नाही. शिवाय महिलांमध्ये २०१५-१६ पासून चार क्वार्टर आहेत आणि वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) गेलं, तेव्हा तो गुणकही तपासूनच घ्यावा.

चौथा_क्वार्टर
४१ बेटं निघाली. बाहेरचे सामने काढून कर्णावर २ घातले, साउथ कॅरोलायना वर आलं. पण आता बहुतेक संघ शून्याभोवती गोळा झालेत.

शून्यसदिश
कारण ओढ शून्याकडे आहे. ती मागच्या मोसमाच्या रेटिंगकडे वळवा. उजव्या बाजूला २ × (०.७ × जुनं रेटिंग) मिळवा. सामने वाढतील तसा त्याचा भार आपोआप कमी होतो.

फुलकोर्ट
०.७ सगळ्यांना सरसकट नको. परतलेल्या खेळाडूंची मिनिटं बघून कमीजास्त करा.

कर्णरेषा
त्याच हिशोबाने साउथ कॅरोलायना खाली गेलं असतं. २०२३ ला पाचही स्टार्टर (सामना सुरू करणाऱ्या खेळाडू) गेल्या आणि पुढचा मोसम ३८ विजय, एकही पराभव नाही. सरसकटच ठेवा.

चौथा_क्वार्टर
०.७ टाकून चालवतोय. १६ तारखेचा आयोवा-कॅन्सस स्टेट घेऊ का?

शून्यसदिश
घ्या, पण त्या दिवसाचे सगळेच घ्या. एकटा ५८-६५ उचललात तर आयोवाच तेवढं खाली जाईल.