हनुवटीखालची सैल कातडी: हायफू, आरएफ की काहीच नको?

शहापूरची लेक:
माझं वय ५१. पाळी थांबून तीन वर्षं झाली आणि हनुवटीखालची कातडी लोंबायला लागली. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) जवळपास ३० टक्क्यांनी घटतं, माझंही तेच झालं असणार. बेळगावात टिळकवाडीतल्या एका क्लिनिकमध्ये चौकशीला गेले. काउंटरवरच्या मुलीनं माझा गाल चिमटीत धरून ओढला आणि म्हणाली, "मॅडम, हायफूचं पॅकेज घ्या." हायफू म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेनं कातडी घट्ट करणारं मशीन. डॉक्टर दिसलेच नाहीत. संमतीपत्र इंग्रजीत, मागच्या बाजूला कन्नडमध्ये. सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवलं. मी सही न करताच उठले. मशीन कुठलं ते नंतर बघू, आधी डॉक्टरांनी चेहरा तपासावा आणि धोके मराठीत सांगावेत. हे मागणं जास्त आहे का?

खानापूरकर:
उठून आलात ते बरं केलंत ताई. पण मुळात हे हवंच कशाला? आमच्या आईनं जन्मभर उन्हात भाताची लावणी केली. तोंडभर सुरकुत्या, पण तिनं कधी तक्रार केली नाही.

निपाणीची सून:
दादा, तिला कधी कुणी विचारलं होतं का? पैसे ताईंचे, चेहरा ताईंचा. मी कोल्हापुरात त्वचारोगतज्ज्ञांकडे आरएफ केलं, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेनं कातडी घट्ट करतात ते; चार वेळा जावं लागलं. पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. तिसऱ्या महिन्यात हळदीकुंकवाला जाऊबाई माझ्या जबड्याकडे बघत म्हणाल्या, "बारीक झालीस की गं!" एवढाच फरक, पण मला पुरला. आरएफची उष्णता कातडीतल्या रंगद्रव्यावर अवलंबून नसते, म्हणून सावळ्यांनाही चालतं.

कॅम्पातली सिस्टर:
चालतं, पण बिनधोक नाही हो. भाजलं तर आपल्या रंगावर काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. पेसमेकर असेल तर आरएफचं नावच काढू नका. हायफूत ध्वनिलहरी ४.५ मिलिमीटर खोल, ऑपरेशनमध्ये सर्जन जो थर ओढतात तिथपर्यंत जातात आणि तिथं ६०-७० अंश उष्णता होते. चेहरा भरलेला असेल तर ठीक. गाल बसके असतील तर आहे ती चरबीही कमी होऊन माणूस आजारी दिसतो. म्हणून किती मिलिमीटरवर करणार आणि मशीन कुणाच्या हातात असणार, हे दोन्ही विचाराच. कातडी फारच लोंबत असेल तर कुठलंच मशीन ऑपरेशनची बरोबरी करत नाही, हेही तोंडावर सांगणारा डॉक्टर बघा.

खानापूरकर:
पैसे ताईंचे, मान्य. मत माझं तेच आहे. निदान आख्ख्या पॅकेजचे पैसे आधी भरू नका.

शहापूरची लेक:
सिस्टर, माझे गाल बसकेच आहेत. तिथं कुणी हे बघितलंसुद्धा नाही! हायफू नको मग. सुनबाई, तुमच्यासारखं कोल्हापुरात दाखवते. पण संमतीपत्र आधी घरी आणणार, लेकाकडून ओळ न्‌ ओळ मराठीत समजून घेणार, मगच सही.