लेआउटमध्ये आधी बोडी आणि झाडं, मग प्लॉट: परवडेल का?

धुऱ्यावरून
नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडे शेतं जाऊन लेआउट पडताहेत. माझं म्हणणं सरळ आहे. नकाशावर पहिली रेघ रस्त्याची नको, पाण्याची हवी. शेतातली बोडी (छोटं तळं), नाला, धुऱ्यावरची (बांधावरची) जुनी झाडं आधी मांडा, दहा टक्के ओपन स्पेस त्यांच्या काठाने धरा आणि उरेल त्यात प्लॉट पाडा. आज नेमकं उलटं चालतं. जो वाकडातिकडा कोपरा प्लॉटात बसत नाही तो ओपन स्पेस, आणि बोडी मुरूम टाकून बंद.

कायदा तिला वाचवेल या भरवशावर राहू नका. देशाच्या पाणथळ नोंदणीत प्रामुख्याने २.२५ हेक्टरवरच्या जागा आहेत, आपली बोडी अर्ध्या एकराचीही नसते. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी माणसाने बांधलेलं पाणी व्याख्येतूनच वगळलंय. म्हणजे ती वाचली तर लेआउट मंजुरीच्या टेबलावरच वाचेल.

प्लिंथ_लेव्हल
पैशाचं कोणी बोलत नाही, म्हणून बोलतो. ५ एकरांचा लेआउट धरा, म्हणजे २०,२३४ चौ.मी. रस्ते, नाल्या आणि ओपन स्पेस जाऊन साधारण ६० टक्के, म्हणजे १२,१०० चौ.मी. विकायला उरतात. ४० × ४० मीटरची बोडी ठेवली की त्यातले १,६०० गेले. दीड हजार फुटांचे अकरा प्लॉट झाले हे! तोच खर्च उरलेल्या प्लॉटांवर टाकला तर भाव १५ टक्क्यांनी चढतो.

मग हातावर पोट असलेला माणूस कुठे जाईल? आरएल (रिलीज लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र) नसलेल्या लेआउटमध्ये. तिथे ना ओपन स्पेस, ना नाली. नागपुरात ५७२ आणि १९०० अनधिकृत लेआउटांचा प्रश्न असाच उभा राहिला आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करत बसावं लागलं. नियम कडक केला की अनधिकृताला गिऱ्हाईक मिळतं. तुमची बोडी तिथे तर आणखी लवकर बुजते.

सातबारा_वाचा
अकरा प्लॉटांचा हिशेब केलात, आता पाण्याचाही करू. १०० मिमी पाऊस पडला की ५ एकरांवर २,०२३ घनमीटर पाणी येतं. शेतातून समजा तीस टक्के वाहतं, म्हणजे ६००. छतं आणि सिमेंट रस्ते झाल्यावर सत्तर टक्के, म्हणजे १,४००. वाढलेले ८०० घनमीटर कुठे जाणार? १,६०० चौ.मी.च्या बोडीत अर्धा मीटर जागा रिकामी असेल तर ते तिथेच मावतात.

दुसरी चूक याहून मोठी. लेआउटची नाली फक्त आपल्या ५ एकरांसाठी मोजतात. ६०० मिमीचा सिमेंटचा ह्यूम पाइप ३०० ला १ उतारावर सेकंदाला जेमतेम ३५० लिटर नेतो. तासाला ७५ मिमी पावसात लेआउटचं स्वतःचंच पाणी ३०० लिटर होतं, ते कसंबसं जातं. पण वरच्या ४० एकर शेतांचं पाणीही याच वाटेने येतं. पाऊस तासाला ५० मिमीच धरला तरी ते सेकंदाला पावणेसातशे लिटर. बोडी आणि ओहोळ बुजवून पाइप टाकला की हे पाणी रस्त्यावर चढणारच. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडल्यावर काठच्या वस्त्यांत काय झालं ते साऱ्या शहराने पाहिलं.

प्लिंथ_लेव्हल
तीस टक्के हा आकडा जूनचा. ऑगस्टमध्ये काळी माती फुगून भेगा बंद होतात, मग शेतही सिमेंटसारखं पाणी सोडतं. आणि बोडी तेव्हा काठोकाठ असते, तुमचा अर्धा मीटर कुठून आणायचा?

झाडांचंही तसंच. काळ्या मातीत मोठं झाड प्लिंथजवळ (घराच्या जोत्याजवळ) असलं की उन्हाळ्यात मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. घरमालक झाडाला नाही, आम्हा बांधणाऱ्यांना धरतो.

धुऱ्यावरून
ऑगस्टचा मुद्दा मान्य. म्हणूनच सांडवा दोन पातळ्यांचा हवा. पूर्ण पातळीच्या अर्धा मीटर खाली २०० मिमीचा पाइप, तो बोडी सावकाश उतरवत राहतो. वर रुंद दगडी सांडवा, मोठ्या पुरासाठी. पाणी बोडीत येतं त्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा, दरवर्षी मे महिन्यात उपसायचा.

झाड प्लिंथजवळ ठेवा असं मी म्हणतच नाही, झाड ओपन स्पेसमध्ये येईल असा रस्ता वळवा. छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजा, तिच्या बारा पट त्रिज्येत खोदकाम नको, भराव नको, डंपरही नको. घेर १८८ सेमी म्हणजे जाडी ६० सेमी, त्रिज्या ७.२ मीटर. आपल्याकडे कडुनिंब ‘वाचवतात’ आणि बुंध्याशी दोन फूट मुरूम ओततात. बारीक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, त्यांची हवा तुटते. झाड लगेच मरत नाही. पहिल्या वर्षी शेंडा वाळतो, दोन-तीन वर्षांत लाकूड होतं. तोवर प्लॉट विकून झालेले असतात.

तोडून बदली लावू म्हणाल, तर वृक्ष कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार शहरात झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. चाळीस वर्षांचे चार कडुनिंब म्हणजे १६० रोपं. चार मीटर अंतराने तुमच्या दहा टक्के, म्हणजे २,०२३ चौ.मी. ओपन स्पेसमध्ये १२६ च बसतात.

सातबारा_वाचा
जमीन घ्यायच्या आधी गाव नकाशा, सातबाऱ्यावरचा पोटखराबा ‘ब’ (सार्वजनिक वापराला राखलेली, लागवडीबाहेरची जागा) आणि निस्तारपत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) बघा. जुनं तळं, गुरांच्या पाण्याची जागा तिथे सापडते. मग अर्ध्या मीटरची कंटूर (चढउताराची) मोजणी. बोडी आधीच कळली तर ती जमिनीच्या भावात वळती करता येते, प्लॉटवर १५ टक्के चढवायची गरज नाही. आणि बुजवलेल्या बोडीवरचा प्लॉट स्वस्त नसतो. खाली गाळ, वर मुरूम, पाया बसत जातो, शोषखड्डा पाणी ओढत नाही.

प्लिंथ_लेव्हल
जमिनीच्या भावाचा मुद्दा पटला, शोषखड्ड्याचाही. तरी गिऱ्हाईकाने हे बघून प्लॉट घेतल्याशिवाय कोणी सुधारणार नाही. माझ्या दोन अटी. बोडीच्या क्षेत्राचं चटईक्षेत्र (बांधकामाचा हक्क) उरलेल्या प्लॉटांना मिळावं, म्हणजे अकरा प्लॉटांचं नुकसान भरून निघेल. आणि सांडपाण्याची लाइन आधी टाकावी, नाहीतर दोन वर्षांत ती बोडी गटार होते आणि डासांना कंटाळून रहिवासीच ती बुजवायला लावतात.

धुऱ्यावरून
दोन्ही अटी मान्य, एक माझी जोडा. मंजूर नकाशात बोडी आणि सांडव्याची पातळी आकड्यानिशी दाखवायची, त्याच क्षेत्राची नोंद सातबाऱ्यावर घ्यायची, आणि ती झाल्याशिवाय चटईक्षेत्र द्यायचं नाही.