मदत हवी आहे: कच्चा सेंद्रिय मध तळाशी थिजलाय, वर पाणी सुटलंय. खरा की साखरेचा? उद्यापर्यंत कळायला हवं

वारणाकाठची
महाबळेश्वरकडचा म्हणून एकाकडून ४ बाटल्या मध घेतला. कच्चा, सेंद्रिय, जंगलातला असं सांगून दिला. ८०० रुपये किलो. आता एक बाटली तळापासून अर्ध्यापर्यंत पांढरी रवाळ झालीय, चमचा उभा राहतो. वर पातळ पाण्यासारखं, जरा फेस आणि आंबूस वास. बाटलीही किलोची वाटत नाही, साधी ७५० मिलीची आहे. काडी बुडवून पेटवून पाहिली, पेटली. पाण्यात थेंब टाकला, तळाला बसला. मुंग्या मात्र लागल्या. तो माणूस उद्या सांगलीत येतोय. परत करायचा का, एवढंच सांगा. लांबलचक नको.

मिरजेचा_अण्णा
परत करा. साखर धरली म्हणजे साखरच. आमच्या वडलांनी आणलेला मध दहा वर्षं तसाच पातळ होता. खरा मध कुत्रं चाटत नाही, तेवढं करून बघा.

कृष्णाकाका
ताई, माहिती अर्धीच दिलीत. चारही बाटल्या थिजल्या का एकच? कुठं ठेवल्या होत्या? कधी काढलेला मध? माशी कुठली, आपली सातेरी, रानातली आग्या की परदेशी मेलिफेरा? पेटीतला की पिळलेला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वारणाकाठची
काका, एकच थिजलीय. ती फ्रिजमध्ये होती, बाकीच्या कपाटात. त्याचा काय संबंध? मध आहे, दूध नाही. माशी कुठली ते मला काय माहीत. शुद्ध आहे की नाही एवढंच विचारतेय.

जावळीचा_मधपाळ
ताई, संबंध तिथंच हाय. मी २० वर्षं सातेरीच्या पेट्या ठेवतो. मधात मुख्य साखरा दोन, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून गारठ्यात ते रवा धरतं. १४ अंशाच्या आसपास सगळ्यात लवकर. कच्च्या मधात परागकण आणि मेणाचे बारीक कण असतात, त्यांच्याभोवती रवा धरायला सुरुवात होते. गाळून-तापवून बाटलीत भरलेला मध उशिरा थिजतो, त्यानं तो जास्त खरा ठरत न्हाय. सूर्यफुलाचा मध तर काढल्यावर काही आठवड्यांतच थिजतो, तो काय खोटा हाय का?

एकाच वेळच्या चार बाटल्या, फ्रिजमधली थिजली, कपाटातल्या न्हाय. यातनं भेसळ सिद्ध होत न्हाय.

आणि बाटलीचं म्हणाल तर मध पाण्यापेक्षा जड. एक लिटर मध साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरतो. किलोभर मधाला ७०० मिली जागा लागते. ७५० ची बाटली मानेपर्यंत भरली असेल तर किलो पुरा हाय. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून काट्यावर ठेवा, मग बोला.

मिरजेचा_अण्णा
म्हणजे साखर टाकून थिजवलेला मध पण खराच म्हणायचा? मग ओळखायचं कशावरून?

जावळीचा_मधपाळ
तसं मी म्हटलंच न्हाय अण्णा. थिजला म्हणून खोटा न्हाय, आणि थिजला न्हाय म्हणून खरा न्हाय. एवढंच.

प्रयोगशाळेतली
मी अन्न तपासणीच्या क्षेत्रात काम करते. मूळ प्रश्नातल्या तिन्ही चाचण्या विसरा. काडी पेटते का, यावरून काडीला किती ओल लागली तेवढं कळतं. थेंब तळाला बसतो तो घट्टपणामुळे, आणि घट्ट साखरपाकही तसाच बसतो. मुंग्या, कुत्रं, कागदावरचा डाग, सगळं तसंच.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडांचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. एनएमआर चाचणीत, म्हणजे रेणूंच्या रचनेवरून भेसळ ओळखणाऱ्या तपासणीत, त्यातले १० नापास झाले. कंपन्यांनी तो निष्कर्ष मानला नाही. पण आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या चुकवण्यासाठीच बनवलेले साखरपाक बाजारात आहेत, हे तेव्हा लोकांपुढे आलं. जिथे प्रयोगशाळेची नेहमीची चाचणी फसते, तिथे काडेपेटी काय पुरणार?

खरोखर शंका असेल तर पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मध तपासणीची चौकशी करा. ओलावा, सुक्रोज (साधी साखर), एचएमएफ आणि परागकण पाहिले की बरंच कळतं. एचएमएफ म्हणजे साखरेतून तयार होणारा एक पदार्थ, मध तापवला किंवा फार जुना झाला की तो वाढतो.

वारणाकाठची
उद्या तो येणार आणि मी पुण्याला कधी पाठवू? घरी काय बघायचं ते सांगा ना.

जावळीचा_मधपाळ
तुमची खरी अडचण रवा न्हाय ताई, वरचं पाणी आणि आंबूस वास ही हाय. रवा धरताना ग्लुकोज खाली बसतं आणि पाणी वरच्या पातळ भागात राहतं. तिथं ओलावा वाढला की मध आंबतो. फेस येतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. म्हंजे मुळातच ओलावा जास्त होता.

माश्या मध पिकवतात. पंखांनी वारा घालून पाणी उडवतात आणि पिकला की कप्प्यावर मेणाचं झाकण घालतात. चौकटीचे चारातले तीन हिस्से कप्पे बंद झाल्याबिगर मध काढायचा न्हाय. पण पैशाची घाई असली की लोक कच्चाच काढतात. "कच्चा मध" शब्दाचा हा दुसरा अर्थ, तो विकणारा सांगत न्हाय.

उद्या त्याला विचारा: कुठल्या फुलावरचा? आमच्याकडं जांभूळ, हिरडा, गेळा उन्हाळ्याच्या तोंडाला, पावसाळा सरता सरता व्हायटी, आणि सात-आठ वर्षांनी एकदा कारवी. मधयंत्रातनं काढला का पोळं पिळून? कप्पे बंद होते का? जो मधपाळ हाय तो न थांबता सांगंल. "जंगलातला हाय" एवढंच म्हणाला तर समजा की त्यानं दुसऱ्याकडनं आणलाय.

प्रयोगशाळेतली
मधपाळांशी सहमत. एक भर: अन्नसुरक्षेच्या नियमांत ओलावा जास्तीत जास्त २० टक्के. सातेरीचा मध आपल्या दमट डोंगरात याच्या थोडा पुढे जातो, आणि मग प्रामाणिक माणसाचाही मध नापास होतो. सुक्रोज ५ टक्क्यांच्या आत लागतं, पण कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत सवलत दिलेली आहे. म्हणून कुठलं फूल ते कळल्याशिवाय अहवालही नीट वाचता येत नाही.

आटपाडीचा_डाळिंबवाला
सेंद्रिय म्हणजे काय ते कुणी सांगेल का? माशी उडत कुठंही जाते. माझ्या बागेत फवारणी असते, शेजारच्याची असते. पेटीवर सेंद्रिय लिहिलं म्हणून माशीला कळतंय होय? बहारात मी फुलं असेपर्यंत औषध बंद ठेवतो, ते सुद्धा माश्यांसाठी. त्यावरनं आठवलं, पुढच्या बहारासाठी पेट्या भाड्यानं कुठं मिळतील?

कृष्णाकाका
डाळिंबवाले बरोबर बोलले. सेंद्रियचा दाखला मिळतो तो पेट्या कुठं ठेवल्या, आसपासच्या फुलोऱ्यावर फवारणी आहे का, हे तपासून. पाकिटावर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह असतं. सुट्या बाटलीवर तोंडी "सेंद्रिय" म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, बाकी काही नाही. सातेरी फार लांब जात नाही, त्यामुळे खरंच जंगलात पेट्या असतील तर शेतीच्या फवाऱ्याचा धोका कमी. मात्र पेटी जंगलातच आहे हे बघायला तिथं जावं लागतं. मांघरला गेलो होतो मी. २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते. घराच्या परसात पेट्या. समोर चौकट उचलून दाखवतात. महाबळेश्वरच्या बाजारातनं घेण्यापेक्षा थोडी वाट वाकडी करा.

सुमन_मावशी
मध कधीही गरम करू नये, विष होतो. फ्रिजमधून काढल्यावर उन्हातही ठेवू नका.

जावळीचा_मधपाळ
मावशी, उकळू नये हे खरं. पण पोळ्यातच पिल्लांच्या जागी माश्या ३४-३५ अंश उष्णता राखतात. हाताला सोसेल एवढ्या, म्हणजे ४० अंशाच्या आतल्या पाण्यात बाटली ठेवली तर रवा विरघळतो, मध बिघडत न्हाय. आंबलेल्या बाटलीला मात्र त्याचा उपयोग न्हाय.

सुमन_मावशी
पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत ते उगाच नाही. असो. वारणाकाठची, एवढा मध घेतलात तरी कशाला?

वारणाकाठची
दोन घरी, एक आईला सितोपलादीबरोबर घ्यायला, आणि एक वहिनीला दिली. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, चाटण द्यायला. म्हणून तर शुद्ध आहे का विचारतेय.

प्रयोगशाळेतली
थांबा. हे आधी सांगायला हवं होतं. वहिनीला आत्ता फोन करा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटाला लावूनही नाही.

सुमन_मावशी
आमच्यात जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात. माझी तिन्ही पोरं धडधाकट आहेत.

बालरोग_इस्पितळातून
मावशी, तुमची मुलं धडधाकट आहेत याचा आनंदच आहे. पण हे नशिबावर सोडण्यासारखं नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती सहसा वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. मध कितीही शुद्ध, सेंद्रिय, घरचा असला तरी हा धोका तसाच. घरी उकळून ही बीजं मरत नाहीत.

वारणाकाठची, बाळाला आधीच दिला असेल तर हे बघा: शौचाला खडा होणं, दूध ओढायला कमी पडणं, रडणं क्षीण होणं, मान आणि अंग ढिलं पडणं. यातलं काही दिसलं तर रात्र असो, इस्पितळात न्या आणि मध दिल्याचं सांगा. काही दिसत नसलं तरी उद्या बाळाच्या डॉक्टरांना कळवून ठेवा.

वारणाकाठची
फोन केला. वहिनीनं बाटली अजून उघडलेली नाही, अमावास्या झाल्यावर सुरू करणार होती. अंगाला काटा आला. आईनं तिला सांगितलं होतं, आणि आईला मीच बाटली दिली होती. दादा बाटली घेऊन येतोय.

कृष्णाकाका
सुटलो बाई. आता शांतपणे उद्याचं बघा.

*(दुसऱ्या दिवशी)*

वारणाकाठची
आला होता. बाटलीचं वजन केलं. मध १ किलो ३० ग्रॅम भरला, म्हणजे मापात खोट नाही. त्याला मी तसं सांगितलं, कारण फोनवर मापावरूनच भांडले होते. कुठल्या फुलावरचा विचारलं तर जांभूळ म्हणाला, पेट्या मेढा गावाच्या वरच्या अंगाला आहेत, हेही सांगितलं. कप्पे बंद होते का विचारल्यावर थांबला. मग कबूल केलं की यंदा वळीव लवकर आला म्हणून अर्ध्याच बंद असताना काढला. आंबलेली बाटली परत घेतली, पैसेही दिले. उरलेल्या तिन्हींचं काय करू? त्या उघडल्यावर फुस्स होत नाहीत, वासही चांगला आहे.

जावळीचा_मधपाळ
खरं बोलला, म्हंजे माणूस चांगला हाय. मेढ्याकडं वळिवानं आमचीही तीच गत झाली. त्या तीन बाटल्या महिना-दोन महिन्यांत संपवा. झाकण घट्ट ठेवा, मध हवेतली ओल ओढतो. चमचा कोरडा. फ्रिज न्हाय, ओटा न्हाय, अंधारं कपाट. पुढच्या वर्षी त्यालाच सांगा, कप्पे बंद झालेला दे, शंभर जास्त घे. असं गिऱ्हाईक मिळालं तर आम्हालाही घाई करावी लागत न्हाय.

आटपाडीचा_डाळिंबवाला
पेट्यांचं कुणीच सांगितलं नाही.

जावळीचा_मधपाळ
दादा, तुमच्याकडच्या उन्हात सातेरी टिकायची न्हाय, पेटी सोडून जाईल. मेलिफेरा ठेवणाऱ्यांकडं चौकशी करा. फुलं थोडी उमलली की पेट्या आणा, आधी न्हाय, न्हायतर माश्या शेजारच्या पिकावर जायला लागतात. आणायच्या त्या रात्रीच, सगळ्या माश्या परत आत आल्यावर. सावली आणि जवळ पाणी ठेवा. आणि शेजारचा कधी फवारणार हे आधी विचारून घ्या.